वाद्याचा दर्शनी पत्रा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा हा संघटनेचा माणूस बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखाद्या विषयावर तासभर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला, 'वाद्याचा दर्शनी पत्रा'. त्यावर चिटणीसांचा फोन आला, की हे 'पत्रे' आहे काय, म्हणजे कोणा थोर संगीतकाराची पत्रे वगैरे? आम्ही म्हटले, नाही हो, पत्रा. ॲल्युमिनियमचा, दोन मिलिमीटरचा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, पण पुढे त्यांनी विषय तसाच छापला. त्याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि कामाला लागतो.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सगळे भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत, ड्रॉइंगांवरून आणि शब्दकोशावरून. संगीतातले आम्हांला म्हणावे तेवढे कळत नाही. पण या विषयात संगीत थोडे आणि पत्रा पुष्कळ आहे, आणि पत्र्याशी आमचा पस्तीस वर्षांचा परिचय आहे.

आधी हे वाद्य काय ते सांगितले पाहिजे. त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. आपली पेटी घ्या. भाता, सूर, पट्ट्या सगळे एका खोक्यात बंद; कारागिराने जे जोडून दिले तेच आपण वाजवायचे. हे वाद्य तसे नाही. ते मिसळणाच्या डब्यासारखे आहे. एका वाटीत मोहरी, एकीत हळद, तसा इथे एक भाग नुसता सूर उत्पन्न करतो, दुसरा त्या सुराचा तीक्ष्णपणा गाळून काढतो, तिसरा आवाज लहानमोठा करतो, चौथा सूर कसा उठावा आणि कसा विझावा हे ठरवतो. हे सारे विजेवर. आणि कशात काय किती घालायचे, हे वाजवणाऱ्याने स्वतः वायरी खुपसून ठरवायचे. ज्यांनी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाया वायरी काढताना-घालताना पाहिल्या असतील, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र चटकन उभे राहील.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ट्रुमन्सबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे रॉबर्ट मोग नावाच्या तिशीतल्या अभियंत्याने 1964 साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने असले भाग तयार केले. (नाव मोग, आपल्या मुगाशी त्याचा संबंध नाही.) हा मोग त्यापूर्वी थेरेमिन नावाच्या विजेच्या वाद्याचे सुटे भाग विकत असे. गिऱ्हाइकाने ते घरी नेऊन स्वतः जोडायचे. त्याच सुमारास पलीकडच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोला, डॉन बुक्ला नावाचा गृहस्थ स्वतंत्रपणे हेच करत होता. 1968 साली वेंडी कार्लोस यांनी बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना मोगच्या यंत्रावर वाजवून त्यांची तबकडी काढली, आणि प्रयोगशाळेतले हे खटले घरोघरी माहीत झाले.

आपल्याला यात काय, असे कोणी विचारील. तर हे यंत्र आपल्या शेजारी फार लवकर आले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मोगचे यंत्र बसवले गेले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते उभे केले, आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय मंडळींनी त्यावर काम केले. त्या वेळच्या ध्वनिफिती संस्थेत तशाच पडून होत्या. पॉल पर्गस नावाच्या कलावंताने त्या शोधल्या आणि 2023 साली त्या जगापुढे आल्या. म्हणजे हा विषय आपण समजतो तितका परका नाही.

आता पत्र्याकडे येऊ.

या वाद्याच्या प्रत्येक भागाला समोरून एक धातूची पट्टी असते. तिच्यावर बटणे, वायर खुपसण्याची भोके, लहान दिवे, आणि कोणते बटण कशाचे ते सांगणारी अक्षरे. यालाच पॅनेल म्हणतात. जी तरुण मंडळी घरी हे वाद्य बनवतात, आणि युरोप-अमेरिकेत अशी मंडळी पुष्कळ आहेत, तशी आता आपल्याकडेही थोडीथोडी दिसू लागली आहेत, त्यांना विचारा, तुमचे कशावर अडते? सर्किटवर अडत नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, आय.सी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवारात मिळतात, न मिळाले तर मागवता येतात. डाग देणे, म्हणजे सोल्डरिंग, महिन्याभरात हाताशी बसते. अडते ते पत्र्यावर. सगळे झाले, आवाज निघाला, आणि वाद्य मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात वायरी लोंबकळत पडलेले. आम्ही अशी तीन-चार वाद्ये पाहिली. आतला जीव उत्तम, पण अंगावर धड कपडा नाही.

हे का होते, ते समजण्यासाठी मापे पाहावी लागतील. मापे रूक्ष असतात असा समज आहे. आम्हांला तसे वाटत नाही. माप हा दोन अनोळखी माणसांमधला करार असतो.

जर्मनीत म्युनिकजवळ डीटर डोप्फर यांनी 1995-96 च्या सुमारास आपल्या वाद्यासाठी नवे माप शोधत बसण्याऐवजी, प्रयोगशाळेच्या उपकरणांसाठी उद्योगात आधीच रूढ असलेली चौकट घेतली. त्या चौकटीत उंचीचा एक एकक पावणेदोन इंचांचा, म्हणजे 44.45 मिलिमीटरचा. असे तीन घेतले की 133.35. पण वरखाली रुळांना जागा हवी, म्हणून प्रत्यक्ष पत्रा 128.5 मिलिमीटर उंच. रुंदीचा एकक इंचाचा पाचवा भाग, 5.08 मिलिमीटर. चार एककांचा पत्रा हिशेबाने 20.32 व्हायला हवा, पण डोप्फर यांनी तो 20.00 ठेवला, बारा एककांचा 60.96 न ठेवता 60.60 ठेवला. ही जी किंचित सैल सोडली आहे, ती पाहून आम्हांला फार आनंद झाला. ज्याने हे ठरवले त्याने हातात पत्रा धरलेला आहे. नुसता कागदावर गणित करणारा माणूस बरोबर 20.32 लिहितो आणि मग दहा पट्ट्या शेजारी शेजारी बसवताना अकरावी बसत नाही. स्क्रूची भोके वरखाली 122.5 मिलिमीटर अंतरावर, आणि तीही पुष्कळ जण लांबट ठेवतात, म्हणजे रुळावरचा आटा थोडा इकडेतिकडे असला तरी भागते.

ही मापे डोप्फर यांनी उघड छापली, आणि पुढे जगातल्या लहानमोठ्या अनेक कारखान्यांनी तीच उचलली. एकाचा भाग दुसऱ्याच्या चौकटीत बसू लागला. आमच्या मते या वाद्याच्या प्रसाराचे मोठे श्रेय सर्किटाइतकेच या मापांना आहे.

तेव्हा पत्रा असा हवा: उंची 128.5, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, बटणाच्या मानेसाठी सातहून किंचित मोठे भोक, लहान जॅकसाठी सहाचे, दिव्यासाठी तीनचे. आणि ही सगळी भोके मागच्या सर्किट बोर्डावर जे बसवलेले आहे त्याच्याशी जुळली पाहिजेत. एखादे भोक अर्धा मिलिमीटर सरकले की बटण तिरके, आणि तिरके बटण रोज फिरवले की वर्षभरात त्याचा डाग तुटतो.

पहिला मार्ग हाताचा. आराखडा कागदावर छापायचा, पत्र्यावर चिकटवायचा, सेंटर पंचने खूण मारायची, आधी बारीक भोक, मग मोठे, मग कानशीने कड साफ. कागद छापताना संगणक पुष्कळदा 'पानात बसवतो', म्हणजे शंभराचे सत्त्याण्णव टक्के करतो. 128.5 चे 124.6 होतात आणि पोरगा ड्रिलला शिव्या देतो. छापलेल्या कागदावर आधी पट्टी धरावी, मग पत्र्याला हात लावावा.

दुसरा मार्ग कारखान्याचा: लेसरने कापून घ्यावा किंवा सी.एन.सी.वर मिलिंग करून घ्यावा. भोसरीला एका हाकेच्या अंतरावर हे काम करणाऱ्या किती तरी शेड आहेत. मग अडचण काय? पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन जातो. मालक विचारतो, किती नग? पोरगा म्हणतो, एक. मालक हसतो. मग तो जो भाव सांगतो तो ऐकून पोरगा बाहेर येतो आणि म्हणतो, लुटायला बसलेत.

आम्ही मालकांची वकिली करायला उभे नाही, हे आपण जाणताच. पण हिशेब हा हिशेब आहे. समजा, फाईल उघडून तपासणे, रेषा दुहेरी आहेत का पाहणे, पत्रा काढून आणून यंत्रावर लावणे, गॅस आणि नॉझल जुळवणे, यांत 40 मिनिटे गेली, आणि प्रत्यक्ष कापायला 2 मिनिटे. एका नगाला 42 मिनिटे पडली. तेच 20 नग असले तर कापण्याची 40 आणि तयारीची 40 मिळून 80 मिनिटे, म्हणजे नगाला 4. पत्रा तोच, माणूस तोच, यंत्र तेच. महाग आहे ती तयारी. आणि गिऱ्हाइकाला ही तयारी दिसत नाही, कारण ती करणारा माणूस काचेच्या पलीकडे असतो आणि त्याचे नाव बिलावर नसते.

आमच्या चळवळीतली एक जुनी तक्रार येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पीस रेटवर काम करणाऱ्याला यंत्र लावण्याचा वेळ कोणी मोजून देत नाही. नग मोजतात, आणि तयारी त्याने आपल्या जिवावर करायची. तेव्हा एका पॅनेलसाठी भाव करणारा पोरगा आणि पीस रेट ठरवणारा मालक या एका बाबतीत एकाच बाजूला उभे असतात, आणि दोघांनाही ते माहीत नसते.

जगात यावर तोड काढणारे दोन मासले आम्हांला अभ्यासण्याजोगे वाटले.

एक बर्लिनचा. तेथे शेफर नावाची कंपनी एक नगसुद्धा करून देते. ती एक आराखड्याचा प्रोग्रॅम फुकट देते. गिऱ्हाइकाने घरी बसून पट्टी आखायची, भोके टाकायची, अक्षरे लिहायची, आणि किंमत तेथेच दिसते. एक भोक वाढवले की किंमत वाढते, काढले की उतरते. अक्षरे पत्र्यात कोरून त्यांत रंग भरून मिळतात. ती बोटांनी पुसली जात नाहीत. काम सुरेख. स्वस्त मात्र नाही, आणि आपल्याकडे आणायचे तर टपाल व जकात वर. पण यातली खरी युक्ती अशी, की ड्राफ्ट्समनचे काम त्यांनी गिऱ्हाइकावर सोपवले. फाईल तपासणे, मापे विचारणे, चूक शोधणे, हे जे 40 मिनिटांत मोडत होते, त्यातले बरेचसे प्रोग्रॅम करतो आणि उरलेले गिऱ्हाईक करते, तेही बिनपगारी आणि हौसेने. आम्हांला या युक्तीचे कौतुक वाटते आणि जरा धास्तीही वाटते.

दुसरा चीनमधल्या शेन्झेनचा. हा तर नवलाचा आहे. तेथे सर्किट बोर्ड करणारे मोठमोठे कारखाने आहेत. कोणा हिकमती माणसाच्या डोक्यात आले, की बोर्ड म्हणजे तरी काय, मापात कापलेली आणि भोके पाडलेली, वर रंग आणि अक्षरे असलेली पट्टीच ना? मग सर्किट काढायचेच नाही, नुसती पट्टीच बोर्ड म्हणून मागवायची. हिरव्याऐवजी काळा थर, अक्षरे पांढरी, आणि जेथे तांबे उघडे ठेवले तेथे सोन्याचा मुलामा, म्हणजे नक्षीही झाली. पाच नगांपासून काम घेतात आणि भाव आश्चर्य वाटावा इतका कमी. कारण तेथे एका मोठ्या तावावर दहा ठिकाणच्या दहा अनोळखी लोकांचे बोर्ड शेजारी शेजारी मांडतात. तयारी एकदाच, आणि तिचा खर्च दहा जणांत वाटला जातो. ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, त्यांची ही भिशीच म्हणा.

मात्र साधा बोर्ड काच-तंतूंचा आणि राळेचा असतो, धातू नव्हे. 1.6 मिलिमीटरचा, रुंद पट्टी असेल तर वायर खुपसताना किंचित वाकतो, आणि आजूबाजूच्या विजेचा गुणगुणाट अडवायला मागे तांब्याचा सलग थर ठेवून तो जमिनीच्या वायरीला जोडावा लागतो. धातूच हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या पाठीचे बोर्ड मिळतात, एल.ई.डी. दिव्यांची उष्णता वाहून नेण्यासाठी ते निघाले, आणि हौशी लोकांनी ते पॅनेलसाठी पळवले. आता तेथे रात्रपाळीला कोण असते, त्याला किती मिळते, त्या आम्लाच्या टाक्यांजवळ कोण उभे असते, हे पाच नगांच्या भावात लिहिलेले नसते. आम्ही कोणाला मागवू नका असे म्हणत नाही. भाव एवढा कमी असेल तर कोणाच्या ताटातले कमी झाले, एवढे विचारण्याची आमची सवय आहे.

ॲनोडायझिंगचे दोन शब्द सांगतो, कारण पोरांचा त्यात घोटाळा होतो. ॲल्युमिनियम सल्फ्युरिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की पृष्ठभागावर त्याच धातूचा कठीण ऑक्साइड तयार होतो. त्याची सूक्ष्म छिद्रे रंग पितात, मग गरम पाण्यात ती मिटवतात. रंग सहजी निघत नाही आणि लेसरने जाळला की पांढरी अक्षरे उमटतात. देखणे काम. पण हा थर वीज वाहू देत नाही. जॅकचा आटा पत्र्याला टेकला म्हणून जमीन मिळाली असे समजू नये. मागच्या बाजूने एका ठिकाणी खरवडून घ्यावे लागते.

आणि घासताना उडणारी ॲल्युमिनियमची धूळ. ही धूळ पेट घेते. चीनमधल्या कुनशान येथे 2 ऑगस्ट 2014 रोजी मोटारीची चाके पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साठलेल्या धुळीचा स्फोट झाला आणि शंभराहून अधिक कामगार गेले. घरी चार पट्ट्या घासणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या शेडमध्ये दिवसभर हेच चालते, तेथे धूळ ओढून नेणारा पंखा आहे का, हे गिऱ्हाइकाने पाहावे. पाहायला पैसे पडत नाहीत.

आता ज्या कारणाने आम्ही या विषयात शिरलो ते सांगतो. आमच्या सभासदांपैकी एक जण, तिशीतला, एका लहान कारखान्यात ड्रिलवर काम करणारा. कारखान्याचे नाव येथे कामाचे नाही. त्याच्या मेहुण्याच्या मित्राला हे वाद्य करायचे होते. कारखान्यांनी एक नग घेतला नाही म्हणून तो याच्याकडे आला. याने दुसरी पाळी संपल्यावर, फोरमनला तोंडी विचारून, पत्रा ड्रिलखाली धरला. हाताने धरला. जाड लोखंड असते तेव्हा हाताने धरले तरी पुष्कळदा निभावते, पण पातळ पत्र्याचे वेगळे असते. ड्रिल आरपार निघण्याच्या क्षणी पत्रा त्याच्या पात्यावर चढतो आणि पंख्यासारखा फिरतो. फिरला. डाव्या पंजाच्या दोन शिरा तुटल्या.

मालकाने लिहून दिले, की काम कंपनीचे नव्हते. आपल्याकडे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून प्रश्न असा विचारला जातो, की अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे झाला का? पाळी संपलेली, काम मेहुण्याच्या मित्राचे. उत्तर उघड आहे असे मालकाचे म्हणणे. आमचे म्हणणे, यंत्र तुमचे, वीज तुमची, फोरमनने होकार दिला, आणि अशी बाहेरची किरकोळ कामे पूर्वी दोनदा तुम्ही रोख पैसे घेऊन याच माणसाकडून करवून घेतली आहेत. पावती अर्थातच नव्हती. अडीच महिने ओढाताण झाली. शेवटी दवाखान्याचे बिल आणि सहा आठवड्यांचा अर्धा पगार यावर तडजोड झाली. त्या माणसाची तर्जनी आजही पूर्ण मिटत नाही, आणि त्याला बारीक ड्रिलचे काम मिळत नाही.

तडजोडीनंतर मालकाने फळा लावला, 'बाहेरचे काम सक्त मना'. आसपासच्या शेडवाल्यांनीही तोच कित्ता गिरवला. वरवर पाहता यात कामगाराचे संरक्षण दिसते. आम्ही त्याला विरोध केला, तेव्हा आमच्याच काही कार्यकर्त्यांना ते रुचले नाही. आमचे म्हणणे असे होते, की काम थांबणार नाही. भाचा येईल, शेजारी येईल, देवळाच्या घंटेचा कडा येईल, आणि माणूस नाही म्हणणार नाही, कारण आपल्या हातात कसब आहे हे चार लोकांना दिसावे असे त्यालाही वाटते. कारखान्यात वर्षानुवर्षे जे करतो ते कोणत्या मोटारीत कोठे जाते, हे त्याला कधी दिसत नाही. बंदी घातली की तो तेच काम आणखी उशिरा, आणखी अंधारात, फोरमनलाही न विचारता करील.

म्हणून आम्ही मागितले ते एवढेच: एका नगाचे कामसुद्धा जॉब कार्डवर चढवा. पाळीच्या वेळेत करा. तयारीचा वेळ कार्डावर लिहा आणि गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घ्या. जो करील त्याच्या हजेरीत तो वेळ धरा. तीन कारखान्यांनी हे मान्य केले. बाकीचे म्हणतात, दोन पट्ट्यांसाठी कारकुनी कोण करणार? त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

हे जमले ते पोरांनी आपली बाजू सुधारली म्हणूनही. आम्ही त्यांना एकच सांगितले, की एकटे जाऊ नका, वीस जणांचे काम गोळा करून जा. परदेशातही ही मंडळी असेच करतात. एक जण पुढाकार घेतो, बाकीचे पैसे आधी भरतात, आणि सगळ्यांचा माल एकदम काढतात. आमच्या पोरांनी पुणे, नाशिक आणि कोल्हापूर मिळून तेवीस पट्ट्या जमवल्या. सगळ्यांची जाडी एक, रंग एक, हे ठरवायलाच तीन आठवडे भांडत होते. संघटना कशी असते ते त्यांना तेव्हा कळले असावे.

जे या वाटेने जाणार असतील त्यांनी आराखडा देताना मापे मिलिमीटरमध्ये, एकास एक द्यावीत. कापायच्या रेषा आणि कोरायची अक्षरे वेगळ्या थरांवर ठेवावीत. पत्र्याची जात लिहावी. नुसते 'ॲल्युमिनियम' लिहिले की जे शिल्लक असेल ते लागते. दर्शनी बाजू कोणती ते लिहावे, नाही तर गुळगुळीत बाजू मागे जाते. लेसरवाल्याने ॲल्युमिनियम नको म्हटले तर रागावू नये. हा धातू आरशासारखा किरण परत फेकतो आणि जुन्या पद्धतीच्या यंत्राला त्याची इजा होते. फायबर लेसरवाला शोधावा. आणि हाताने भोके पाडायचीच असतील तर पत्र्याखाली लाकडी फळी घ्यावी, दोन्ही टोके क्लॅम्पने आवळावीत, साध्या ड्रिलऐवजी पायऱ्यांचा ड्रिल वापरावा, आणि हातमोजे घालू नयेत. हातमोजा ड्रिलमध्ये गुंतला की हात घेऊन जातो.

सहकाराबद्दल कोणी विचारील, की या वाद्यांचे कारखाने कामगारांनीच चालवले तर? मोगच्या नावाची कंपनी पुढे अमेरिकेत ऍशव्हिल येथे होती. 2015 साली तिचे 49 टक्के भाग कामगारांकडे देण्यात आले, आणि त्याची सर्वत्र वाहवा झाली. 2022 साली तेथल्याच कामगारांनी विद्युत् कामगारांच्या युनियनमार्फत संघटना बांधण्याचा प्रयत्न सुरू केला. मालकीत वाटा असलेल्यांना युनियन का लागावी, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. 2023 साली कंपनी इनम्यूझिक या मोठ्या कंपनीला विकली गेली, आणि त्याच वर्षी तेथल्या अनेक कामगारांना काढण्यात आले. विकायचे की नाही, हे 49 टक्क्यांवर ठरत नसते. आमच्या कारखान्यांतली मंडळी भागधारक होण्याच्या गोष्टी करतात, तेव्हा आम्ही त्यांना हा दाखला देतो. वाटा घ्यावा; पण वाटा मिळाला म्हणून युनियनची वही बंद करू नये.

तेवीस पट्ट्या गेल्या माघात निघाल्या. कार्डावर तयारीची 55 मिनिटे लिहिली होती, आणि पोरांनी ती कुरकुर न करता दिली. मग त्यांतल्या एकाने आपले वाद्य जुळवून, जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी आणून, स्पीकर लावून कामगारांना ऐकवले. कोणी म्हणाले, हा तर आपल्या प्रेसचा आवाज. दुसरा म्हणाला, नाही, कंप्रेसर बंद होताना असाच विव्हळतो. लेसरवर काम करणारा ऑपरेटर मात्र ऐकत नव्हता. तो वाकून पट्टी पाहत होता. त्याने एक बटण दोन बोटांत धरून हलवले आणि म्हणाला, ''हे तिसरं भोक तुम्ही सातच धरलंय. बटण ताणून बसलंय. पुढच्या खेपेला सात पॉइंट दोन करून आणा.''